मुक्कामी गाडी

अण्णा एस.टी.त ड्रायव्हर होते. बरीच वर्षं त्यांच्याकडे सोलापूर–रत्नागिरी होती आणि ती ड्यूटी त्यांनी कधी कुणाशी बदलली नाही. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. तिथून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. साडेतीनशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. रात्री गाडी रत्नागिरीत मुक्कामी राहायची, दुसऱ्या दिवशी माघारी. अण्णा घरी आले की आई आधी त्यांची पिशवी रिकामी करायची. आमसुलं, कधी सुकट, मे महिन्यात पेंढ्यात बांधलेले मोजून सहा हापूस. पिशवीला एक ओलसर, खारट वास असायचा. सोलापूरच्या वैशाखात, डोक्यावरचे पत्रे तापून कडकड वाजत असताना, मी त्या पिशवीत तोंड घालून बसायचे. समुद्र मला तेवढाच ठाऊक होता.

पिशवीबरोबर गोष्टीही यायच्या. त्यातली एक थिबा राजाची. ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी धरून रत्नागिरीत आणून ठेवला, तीस वर्षं ठेवला, तिथंच मेला. अण्णा ती जेवताना सांगत होते. आबा, म्हणजे माझे आजोबा, भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले. गोष्ट संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्याची हजेरी कोण घ्यायचं?"

आईला हसू आलं. अण्णा मान खाली घालून जेवत राहिले.

आमचं घर सेटलमेंट फ्री कॉलनीत. बाहेरगावचा माणूस पत्ता लिहून घेताना इथं हमखास अडतो. "फ्री कॉलनी? म्हणजे काय फुकट दिलीय का जागा?" असं मला पुण्यात एका बाईंनी अगदी सहज विचारलं होतं. सोलापुरात मात्र हा प्रश्न कुणाला पडत नाही. रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की तो निघतो. रोज तोंडात असलेल्या नावाचा अर्थ कोण लावत बसतो?

अर्थ असा. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ मध्ये तो आणखी कडक करून देशभर लागू करता येईल असा केला. काही जमाती जन्मानंच गुन्हेगार, असं त्यात ठरून गेलं. त्यांची नावं नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी घ्यायची आणि जमलंच तर एका जागी कोंडून घालायचं. सोलापूरला अशी मोठी सेटलमेंट उभी राहिली. भोवती काटेरी तार. जागाही सरकारनं विचार करूनच निवडलेली, कारण सोलापुरात गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. भोंगा वाजला की माणसं तारेतून बाहेर पडून गिरणीत जायची, पाळी संपली की परत तारेत. ज्याची वागणूक सरकारला बरी वाटली त्याला तारेबाहेर घर मिळायचं. नोंद तशीच, फक्त तार नाही. तारेबाहेरच्या त्या वस्तीचं नाव फ्री कॉलनी.

आम्ही कैकाडी. तुरकाठ्यांच्या टोपल्या, डाली, कणग्या विणत गावोगाव फिरणारी माणसं. आज्जीच्या अंगठ्याला काठ्या सोलून सोलून एक घट्टा पडला होता, म्हातारपणी सुईसुद्धा त्यात शिरत नसे. असं फिरून पोट भरणाऱ्यांचं फिरणंच सरकारच्या डोळ्यांत खुपलं. घर नाही, शेत नाही, आज इथं उद्या तिथं. म्हणजे चोरच असणार. आबा सेटलमेंटमध्ये तारेच्या आतच जन्मले. त्यांनी फिरणं पाहिलंच नाही. त्यांना गिरणी माहीत होती, भोंगा माहीत होता आणि संध्याकाळची हजेरी.

पत्र्याच्या ट्रंकेत आज्जीच्या लुगड्याखाली आबांनी एक कागद जपून ठेवला होता. चार घड्या, घडीवर चिरलेला, रंग चहासारखा झालेला. तो त्यांचा पास. नातलगाच्या लग्नाला बार्शीला जाण्यासाठी दोन दिवसांचा. वर नाव, बापाचं नाव, जात. मग कुठं जाणार, कशाला जाणार, कधी परतणार. पोचल्यावर तिथल्या पाटलाला दाखवायचा, निघताना पुन्हा दाखवायचा. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. मी लहानपणी त्या ठशावर माझा अंगठा ठेवून पाहायचे. आबांचा अंगठा तेव्हा, जवानीत, केवढा मोठा होता! माझा त्यात सगळाच्या सगळा मावायचा.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून रद्द झाला. आबा तेव्हा तिशीच्या आसपास होते. त्या तारखेला आमच्यात विमुक्त दिन पाळतात, आता तर बॅनरही लागतात. पण आबांच्या अंगातून हजेरी गेली नाही. दिवस कलला की ते जिथं असतील तिथून उठायचे. पारावर गप्पा रंगलेल्या असोत, कुणाकडे बारसं असो. चंची कमरेला खोचायची, धोतर झटकायचं आणि घराकडे चालू लागायचं. घरी येऊन दारात उभे राहायचे. बसायचे नाहीत. पाचेक मिनिटं नुसते उभे, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, नजर समोर. मग आत येऊन चहा मागायचे. आम्हा पोरांना ते इतकं सवयीचं होतं की सगळ्याच घरातले आजोबा असं करतात, अशी माझी समजूत होती.

म्हणून त्यांनी राजाची हजेरी विचारली.

पुढं मी शिक्षिका झाले, इतिहास शिकवायला लागले, तेव्हा तो प्रश्न हातात घेऊन थिबाचा शोध घेतला. भांडण सागवानाचं होतं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईची कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलात सागवान तोडायची. ठरल्याहून जास्त ओंडके नेले आणि पैसे कमी भरले, असा मंडालेच्या दरबाराचा आरोप. दरबारानं २३ लाख रुपयांचा दंड लावला. फ्रेंचांशी थिबाची जवळीक इंग्रजांना आधीपासूनच सलत होती, त्यात हे निमित्त झालं. नोव्हेंबर १८८५ मध्ये आगबोटी इरावती नदीतून वर गेल्या आणि दोन आठवड्यांत राज्य बुडालं. २९ नोव्हेंबरला राजा, पट्टराणी सुपयालत, धाकटी राणी सुपयागले आणि दोन लहान मुली यांना राजवाड्यातून काढून बोटीवर चढवलं. राजा सव्वीस वर्षांचा. राणी पोटुशी होती. तिसरी मुलगी मद्रासमध्ये झाली. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश खालसा झाल्याचं जाहीर झालं.

मद्रासला काही महिने ठेवून एप्रिल १८८६ मध्ये त्यांना पुन्हा जहाजावर बसवलं, कन्याकुमारीला वळसा घालून रत्नागिरीला आणलं. मंडाले समुद्रापासून शेकडो मैल आत, नदीकाठी. ही भुईतली माणसं. त्यांच्यापुढं आता चोवीस तास समुद्र.

रत्नागिरीच का? सरकारच्या जागी बसून पाहिलं की कळतं. जिल्ह्याचं ठिकाण, त्यामुळं कलेक्टर, कचेरी, तुरुंग, पोलीस सगळं हाताशी. पण रेल्वे नाही. सोलापूरला १८६० च्या सुमारास आगगाडी आली. रत्नागिरीला यायला १९९० चं दशक उजाडलं, आणि मुंबईपासून मंगळूरपर्यंत कोकण रेल्वे सलग सुरू झाली ती १९९८ मध्ये. मागं सह्याद्री, बैलगाडीनं घाट चढायचा. पुढं समुद्र, आणि तो पावसाळ्यात बंद. मिरग लागला की बोटी थांबायच्या, त्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर पुन्हा सुरू. एरवीसुद्धा मोठी बोट धक्क्याला लागायची नाही. ती बाहेर उभी राहायची आणि माणसांना पडावात उतरवून किनाऱ्याला आणायचे. असल्या गावाला तार कशाला लागते?

इंग्रजांची ही रीत आपल्याला नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाला ब्रह्मावर्ताला धाडलं, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना काशीला, कोल्हापूरच्या चिमासाहेबांना कराचीला. बहादूरशाह जफरला दिल्लीतून उचलून रंगूनला नेलं. १८६२ मध्ये तो तिथंच गेला. म्हणजे आपला बादशहा त्यांच्या देशात आणि त्यांचा राजा आपल्या देशात. साध्या कैद्यांचंही तेच. महाबळेश्वरला चायनामन्स फॉल नावाचा धबधबा आहे, सहलीला जाणारे सगळे तिथं फोटो काढतात. ते नाव तिथं ठेवलेल्या चिनी कैद्यांवरून पडलं. ते तिथं बागा पिकवायचे. जिथं भाषा कळत नाही, ओळखीचं एक झाड नाही, तिथं माणूस आपोआप गप्प बसतो, हा त्यामागचा हिशोब. आमच्यासारख्यांनाही त्यातून सुटका नव्हती. १९२० च्या दशकात उत्तरेतल्या भांतू जमातीची कुटुंबं त्याच गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली अंदमानात नेऊन वसवली. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमची तार निदान सोलापुरात होती. गिरणीच्या वाटेवर ओळखीचं ऊन होतं, ओळखीची भाकरी होती.

रत्नागिरी आणि मंडाले या दोन गावांची तर एकमेकांशी अशी गाठ पडली आहे की वर्गात सांगताना दरवेळी माझा आवाज बदलतो. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६. १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पाठवलं कुठं, तर मंडालेला. तिथला तुरुंग मंडालेच्या किल्ल्यात, म्हणजे थिबाच्याच राजनगरीच्या तटाच्या आत. राजा गेल्यावर इंग्रजांनी त्या किल्ल्याला आपल्या व्हाइसरॉयचं नाव देऊन टाकलं होतं, फोर्ट डफरिन. रत्नागिरीचा मुलगा थिबाच्या अंगणात कैदेत आणि थिबा त्या मुलाच्या गावात. १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, टिळकांना ते मंडालेत तारेनं कळलं. त्याच १९१२ मध्ये रत्नागिरीत थिबाची धाकटी राणी सुपयागले वारली. दोघांना एकमेकांच्या दुःखाची कल्पना असण्याचं कारण नाही. टिळक १९१४ मध्ये सुटून आले. थिबाला परतीची तारीखच नव्हती.

सावरकरांनाही अंदमानातून परत आणल्यावर रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवलं, आणि १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात स्थानबद्ध केलं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

थिबाचा राजवाडा मी आतून पाहिला तो मोठेपणी, दहाएक वर्षांपूर्वी. जांभ्या दगडाची तीन मजली इमारत, उतरती छपरं, उंचावर. ती बांधून झाली १९१० मध्ये. त्याआधीची चोवीस वर्षं कुटुंब सरकारनं दिलेल्या बंगल्यांत राहिलं. वरच्या खिडक्या लाकडी, अर्धगोल, नक्षीच्या, रंगीत काचांच्या. दुपारचं ऊन काचेतून येऊन फरशीवर हिरवे-तांबडे डाग पडले होते. मी एका डागावर तळहात धरला. तळहात हिरवा झाला, त्यावरच्या रेषा काळ्या. खिडकीबाहेर भाट्याची खाडी, खाडीच्या तोंडाशी समुद्र. तिथं एका जागी उभं राहून येणारं-जाणारं प्रत्येक गलबत दिसतं. आपल्याला घेऊन न जाणारं प्रत्येक गलबत.

वाडा देखणा आहे, त्याचं कौतुक सगळे करतात, करावंच. पण मी आत फिरताना पास शोधत होते. थिबावर नेमलेला सरकारी अधिकारी होता. गावाच्या हद्दीबाहेर जायचं तर परवानगी. कोण भेटायला आलं, किती खर्च झाला, तनखा कुठं गेला, सगळ्याची नोंद. तनखा पुरायचा नाही. राजानं बरोबर आणलेली रत्नं हळूहळू विकली, आणि घेणाऱ्यांनी भाव पाडून घेतला. हजेरी कोण घ्यायचं, या आबांच्या प्रश्नाला उत्तर होतं तर. घेणारा होता.

तरी फरकही मोठा आहे, तो मी लपवणार नाही. राजाच्या हजेरीचे कागद दफ्तरांत राहिले, त्यांवर संशोधन झालं, त्यामुळं राजकन्यांच्या कान टोचण्याच्या समारंभाचीसुद्धा हकिगत आज आपल्याला वाचायला मिळते. माझ्या आबांच्या तीसएक वर्षांच्या हजेरीतला माझ्याकडे एक कागद आहे, बार्शीचा, दोन दिवसांचा.

थिबा डिसेंबर १९१६ मध्ये वारला. राणीला त्याची शवपेटी मायदेशी न्यायची होती. सरकारनं नेऊ दिली नाही. तिकडं त्याच्या समाधीभोवती लोक गोळा होतील ही धास्ती. १९१९ मध्ये कुटुंबाला परतायची मुभा मिळाली तेव्हा राजा आणि धाकटी राणी यांना रत्नागिरीतच समाधी देऊन बाकीची माणसं बोटीत चढली. समाधी आजही शहरात आहे. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथं येऊन गेले. मला वर्तमानपत्रातली ती बातमी वाचताना आमच्या भैय्या चौकातल्या कोटणिसांच्या घराची आठवण झाली. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये मुंबईहून बोटीनं चीनला गेले ते स्वतःच्या मर्जीनं, आणि १९४२ मध्ये तिकडंच गेले. त्यांची समाधी तिकडं शिजियाझुआंगला आहे. आमच्या गावचा माणूस त्यांच्याकडे आहे, तो नीट आहे, यावर आम्ही विसंबून असतो. तसंच मंडालेच्या माणसांना रत्नागिरीबद्दल वाटत असावं.

परतलेल्यांपैकी एक जण मात्र माघारी आली. थोरली राजकन्या. रत्नागिरीत असतानाच तिचा जीव वाड्यावर चाकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यावर जडला होता. ते विवाहित होते. १९०६ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव टुटू. आई मुलीला घेऊन ब्रह्मदेशाला गेली खरी, पण राजघराण्याचं म्हणून ते गाव तिला आपलं वाटलं नाही, की रत्नागिरीचं माणूस तिला सुटलं नाही, कोण जाणे. ती परत आली. मंडालेत जन्मलेली राजाची मुलगी, हद्दपारीत वाढलेली, मोकळीक मिळाल्यावर हद्दपारीच्याच गावी स्वतःच्या पायांनी परत. १९४७ मध्ये ती गेली ती गरिबीत.

टुटू रत्नागिरीतच राहिली. लग्न इथंच, मुलंबाळं इथंच, बोलणं मराठी. राजाची नात शेणी थापून विकायची, कागदाची फुलं करायची, असं तिच्याबद्दल सांगतात. शेणी म्हणजे आमच्याकडच्या गवऱ्या. माझ्या आज्जीनंही त्या थापल्या, सेटलमेंटच्या भिंतींवर तिच्या पाच बोटांचे ठसे रांगेनं सुकत असायचे. सरकारी कागदावरच्या अंगठ्यापेक्षा हे ठसे मला जास्त आठवतात. ज्या गावात सरकारनं टुटूच्या आजोबाला विसरलं जाण्यासाठी आणून टाकलं, त्या गावानं नातीला शेजारीण करून घेतलं. कुणी ठराव केला नाही, कुणी सत्कार केला नाही. पावसाळ्यात तिच्या घरात लाकडं कोरडी आहेत का, एवढी चौकशी कुणीतरी केली असेल. गावं असंच करतात. सोलापूरनं आम्हाला असं शेजारी करून घेतलं का? गिरणीत घेतलं, हे खरं. चाळीत घर भाड्यानं द्यायला मात्र अण्णांना १९७५ सालीही तीन ठिकाणी नकार आला, पत्ता ऐकून. अण्णांच्या अंगावर तेव्हा एस.टी.चा खाकी गणवेश होता.

टुटू २००० मध्ये वारली, नव्वदी ओलांडून. हे वर्ष वाचलं आणि मी पुस्तक मिटून बोटांवर मोजलं. कारण आम्ही रत्नागिरीला गेलो होतो ते १९८७ मध्ये.

त्या दिवाळीच्या सुट्टीत अण्णांनी घरच्यांसाठी एस.टी.चा पास काढला. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला तो मिळतो. मी अकरा वर्षांची, आबा पासष्टचे. पास म्हटल्यावर आबांनी तो मागून घेतला, चष्मा नसल्यानं डोळ्यांजवळ धरला, मागं-पुढं करून पाहिला.

"अंगठा कुटं लावायचा?"

"अंगठा नाही लागत, आबा."

"मग माघारी कवा यायचं, ते कुटं लिवलंय?"

"तुम्हाला यायचं तेव्हा या की."

आबांनी पास बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि आंबा घाटापर्यंत त्यावरचा हात काढला नाही. अण्णाच गाडी चालवत होते. आबा त्यांच्या मागच्या सीटवर, खिडकीशी. सांगोला गेलं, मिरज गेलं. कोल्हापूरला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा आबा उतरले नाहीत. घाटात पहिल्या वळणावर दरी दिसली आणि त्यांनी पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरला. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा बाप येवढ्या लांब रोज येतो व्हय?" रोज नाही, आठवड्यातून दोनदा, मी म्हटलं. त्यांनी ते ऐकलं नसावं. ते अण्णांच्या पाठीकडे बघत होते. त्यांच्या पोराची पाठ. घामानं खाकी शर्ट अंगाला चिकटलेला, गिअर टाकताना डावा खांदा हलायचा. गाव सोडायला ज्याच्या बापाला अंगठा लावावा लागायचा, तो पन्नास माणसांना घेऊन सह्याद्री उतरत होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांना सुट्टी होती. त्यांनी आम्हाला राजवाडा दाखवायला नेलं. आत गेलो नाही, आवारातूनच पाहिला. आबा मान वर करून बराच वेळ उभे होते. "चांगला बांधलाय," म्हणाले. मग खाडीकडे तोंड करून विचारलं, "आणि त्यो ह्याच बाजूनं आला का?" अण्णांनी हो म्हटलं, बोटीनं आला. आबा म्हणाले, "येताना माणसाला कळत न्हाई, किती दिसांसाठी आलोय ते."

त्याच दिवशी, त्याच गावात, थिबाची नात राहत होती. ऐंशी पार केलेली म्हातारी. कदाचित आम्ही तिच्या घरावरून गेलोही असू. आबांना ठाऊक असतं तर ते तिला भेटायला गेले असते याची मला खात्री आहे. दोघांचंही बोलणं मराठीतच झालं असतं. एकीचे आजोबा राजे म्हणून अडकवलेले, एकजण चोरांच्या जातीचा म्हणून. त्या भेटीत काय बोलले असते ते मी अनेकदा मनात लिहून पाहिलं, दरवेळी गाडी शेणीवर आणि पावसावरच येते. मला एवढीच हळहळ आहे की आम्हाला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी आम्ही मांडवीला गेलो. भरती येत होती. आबांनी धोतर गुडघ्यापर्यंत घेतलं, पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं आणि थुंकलं. धक्क्याच्या दगडांवर आम्ही बसलो. सूर्य समुद्रात टेकला. मी आबांकडे बघत होते, कारण मला ठाऊक होतं आता काय होणार. त्यांनी चंची कमरेला खोचली. धोतर झटकलं. उभे राहिले.

दोन्ही हात बाजूला सोडलेले, नजर समोर. समोर कुणी नव्हतं, नुसतं पाणी. लाट येऊन दगडावर आपटली, आबांच्या पायांवर तुषार उडाले. अण्णा उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. सूर्य पूर्ण गेला. पलीकडं दीपस्तंभाचा दिवा लागला, फिरला, आमच्या अंगावरून गेला, पुन्हा फिरला. आबांनी तो तीन-चारदा येऊ दिला.

मग ते खाली बसले. चंची सोडली, पान काढलं, अण्णांच्या पुढं धरलं. अंधार पडला तरी आम्ही बसूनच होतो. डास चावायला लागले तेव्हा आबांनीच विचारलं, "इथं ज्वारीची भाकरी मिळंल का रं कुटं? का तांदळाचीच?"